परग्रहावरचं झाड

“हे तुझं, का उचललेलं?”

बाईंनी हे विचारलं की समोरचा माणूस गडबडलाच म्हणून समजा. आधी चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मग हा प्रश्न. मान थोडी तिरकी करायची ही अलीकडची भर. तुम्ही म्हणालात की यंदा हापूसला चव नाही, तरी हाच प्रश्न. अमुक डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणालात, तरी हाच. जन्मभर पेपर तपासलेल्या बाईला सगळं जग परीक्षेच्या हॉलसारखंच दिसत असणार, आणि आपण सगळे शेजारच्याच्या पेपरात डोकावणारे.

आम्ही दोघी डोंबिवलीतल्या एकाच शाळेत होतो. त्या गणिताच्या, मी मराठीची, त्यांच्याहून बरीच धाकटी. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्टाफरूममध्ये मला एकदा त्यांनी त्यातली मेख सांगितली होती. “बरोबर उत्तर काय, सगळ्यांचं सारखंच येतं. त्यावरून काही कळत नाही. चूक बघायची. दोघांची चूक तंतोतंत सारखी आली की समजायचं, एकाने दुसऱ्याचं उचललंय.”

याच नियमाने त्यांनी आठवीत स्वतःच्या मुलालाही पकडलं होतं. मंदार त्यांच्याच वर्गात होता. त्याचा आणि बाकावरच्या मित्राचा हातचा एकाच ठिकाणी चुकला होता. बाईंनी भर वर्गात दोघांना भोपळा दिला. आम्ही म्हटलं, बाई, लहान आहे, सोडा एकदा. त्या म्हणाल्या, “एकाला सोडलं की बाकीच्यांचं तपासायचा हक्क जातो.” त्यांनी कोणालाच कधी सोडलं नाही, हे मात्र खरं.

निवृत्तीनंतरही आम्ही समोरासमोरच्या घरांत राहत होतो. त्यांचे यजमान आधीच गेले होते. मंदार घोडबंदर रोडला एका टॉवरात, सत्ताविसाव्या मजल्यावर. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आई, खोली तयार आहे. बाई म्हणायच्या, “खोली आहे रे, पण खाली उतरल्यावर मला हाक मारणारं कोण आहे तिथे?” शेवटी मायलेकांचा तह झाला होता. हातपाय आणि डोळे धड आहेत तोवर बाईंनी डोंबिवलीत राहायचं. यातलं एक जरी बिनसलं तर बिऱ्हाड उचलायचं.

आता त्यांचा एक छंद सांगते, तुम्हाला हसू येईल. या वयात बाईंना परग्रहावरच्या हाणामारीचे सिनेमे आवडायचे. कारण विचारलं तर म्हणायच्या, “त्यात नातेवाईक नसतात. पळायचं, लपायचं आणि जगायचं. कोणी कोणाला शहाणपण शिकवत नाही.” असाच एक सिनेमा त्यांना फार आवडला होता. एका बाईचं यान परग्रहावर कोसळतं आणि तिथले प्राणी तिच्या मागे लागतात. त्याचा दुसरा भाग आला तेव्हा रविवारच्या दुपारी आम्ही दोघी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मॉलमध्ये गेलो. अंधारात पायऱ्या चढताना त्यांनी माझं कोपर धरलं. त्यात काय, मीही कठडा धरलाच होता.

आमच्याच रांगेत पहिल्या मजल्यावरचे सावंत सहकुटुंब होते. शेवट जवळ आला, आकाशातून यान उतरायला लागलं, तसे ते उठले आणि माझ्या पायावर पाय देत बाहेर पडले. “नंतर पार्किंगमधून निघायला फार वेळ जातो हो,” असं वर मलाच सांगून.

दुसऱ्या दिवशी सावंत खाली जिन्यापाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मत ऐकवत होते. “फर्स्ट हाफ एक नंबर. पण शेवट एकदम ठरीव. यान आलं, बाई बसली, गेली घरी. पहिल्या पार्टची मजा नाय.” कोणी न विचारता मत देणारा माणूस प्रत्येक इमारतीत एक तरी असतो, तुमच्याकडेही असेल.

संध्याकाळी मी चहाला बाईंकडे गेले. कसा वाटला सिनेमा म्हणून विचारलं.

“शेवट ठरीव होता,” बाई म्हणाल्या. “यान आलं, बसली, गेली घरी.”

मी कप खाली ठेवला. कारण सिनेमातली ती बाई घरी गेलीच नव्हती. सावंत आधी उठले म्हणून त्यांना ते माहीत नव्हतं. पण बाई तर दिवे लागेपर्यंत माझ्या शेजारी बसून होत्या. दोघांची चूक तंतोतंत सारखी. मला शंका आली, आणि एकदा शंका आली की मागचं एकेक दिसायला लागतं. दूध परवा दुसऱ्यांदा उतू गेलं होतं. कॅलेंडरचं पान गेल्या महिन्याचंच होतं. आणि आत्ताही माझ्याशी बोलताना त्या माझ्या खांद्याकडे बघत होत्या.

“बाई,” मी म्हटलं, “हे तुमचं, का उचललेलं?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली घेतला.

“मधलं गेलंय गं,” त्या म्हणाल्या. “कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघते तर तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. सिनेमात आवाजावरून बरंचसं कळलं. शेवटी कोणी काही बोललंच नाही. यान गेल्याचा आवाज आला, म्हटलं गेली असेल. जिन्यात सावंतांनी तेच सांगितलं.” मग हात पुढे करून त्यांनी माझं मनगट धरलं. “मंदारला कळू देऊ नकोस. डोळे गेले म्हटल्यावर तो एक दिवस थांबणार नाही. तिथे वर मी कशी राहू? घरातल्या घरात परक्यासारखी.”

ज्या बाईंपुढे सगळी शाळा चळचळ कापायची त्या आज मला विनवत होत्या. मी त्यांना सिनेमाचा शेवट सांगितला. “ती गेली नाही बाई. यान उतरतं, दार उघडतं. ती झाडाला टेकून उभी असते. नुसती मान हलवते. दार मिटतं आणि यान रिकामं निघून जातं. ती तिथेच राहते.”

बाईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच संशयाने आवळला. “तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.”

“डोळ्यांनी बघितलंय.”

“एका साक्षीवर मी कधी निकाल दिलाय का?”

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मॉलमध्ये. तिकीट न काढता, बाहेर पडायच्या दारापाशी. खेळ सुटला तशा बाई पुढे झाल्या आणि लोकांना अडवून विचारायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विचारणारी म्हातारी असली की लोक थांबतात.

“काकू, डोकं फिरलेलं तिचं,” एक कॉलेजचा मुलगा म्हणाला. “यान आलेलं ना समोर! आणि ही बया दगडावर बसून राहते. फुल बकवास. पैसे पाण्यात.”

त्याच्यासोबतची मुलगी उसळली. “ए, काहीही काय! बसत नाही ती, खांबाला धरून उभी असते. काकू, मला तर रडू आलं. एवढं सगळं सोसून ती तिथे जगायला शिकलेली, ती का जाईल?”

मागून येणारे एक गृहस्थ थांबले. “तिसरा भाग काढायचा असणार म्हणून ठेवली तिला तिथे. सगळा धंदा आहे.” त्यांच्या मताने ती गुहेच्या तोंडाशी उभी होती.

रिक्षात बसल्यावर बाई एकदम खुशीत होत्या. “एक म्हणतो दगड, एक म्हणते खांब, तिसरा म्हणतो गुहा. तुझं झाड. चुका सगळ्यांच्या वेगवेगळ्या आणि उत्तर एकच. म्हणजे कोणी कोणाचं उचललेलं नाही. राहिली गं ती!” वाटेत हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

पुढच्या रविवारी मंदार आला. चहा घेता घेता सहज म्हणाला, “मीही बघितला तुझा तो सिनेमा, ऑफिसच्या लोकांबरोबर. शेवट कसा वाटला गं आई?” बोलला सहज, पण नजर आईच्या डोळ्यांवर खिळलेली. मला कळलं, ही तोंडी परीक्षा आहे. कशावरून तरी याला वास लागलाय.

बाई ताठ बसल्या. “चांगला होता. यान येतं, दार उघडतं. ती झाडाला टेकून उभी असते. मान हलवते. यान रिकामं जातं. मला पटलं.”

मी घाईघाईने पुस्ती जोडली, “हो ना! आणि ते झाड किती एकटं वाटतं रे, नाही?”

मंदारने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हो,” म्हणाला, “फार एकटं वाटतं.” उरलेला चहा प्यायला आणि गेला. खोलीचा विषय त्याने काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. मात्र त्यानंतर सकाळ-संध्याकाळ एक बाई स्वयंपाकाला यायला लागली. “तुझे गुडघे दुखतात म्हणून,” असं त्याने आईला सांगितलं होतं.

त्या रविवारी मंदार गेल्यावर दार लावून मी म्हटलं, “पास झालात बाई.”

“उचललेल्या उत्तरावर,” त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शनांनी पुढचं जाणं थांबलं, गेलेलं परत आलं नाही. सिनेमे मात्र चालू राहिले. मी कानात सांगायचे, पुढच्या रांगेतून “शू” यायचं आणि बाई मोठ्याने विचारायच्या, “खरंच आहे ना, का तू बनवतेस?”

गेल्या थंडीत बाई गेल्या. आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर, दुपारच्या झोपेत.

घर आवरायला मंदार आला तेव्हा मी त्याला चहा नेऊन दिला. रिकाम्या खोलीत आम्ही दोघं खाली लादीवर बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मावशी, ते झाड तुम्ही लावलंत ना?”

“कुठलं झाड?” मी विचारलं.

“त्या सिनेमातलं. अख्ख्या ग्रहावर एकही झाड नाही हो. पहिल्या भागात तिचं यान कोसळतं ना, त्याचा मोडका खांब आहे तो. आई झाड म्हणाली तेव्हा वाटलं, धूसर दिसलं असेल. पण लगेच तुम्हीही झाड म्हणालात.” तो हसला. “दोघींची चूक तंतोतंत सारखी.”

माझा कप हातातच राहिला. “म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं? मग बाईंना नेलं का नाहीस?”

तो भिंतीकडे बघत राहिला. कॅलेंडरच्या जागी आता फक्त खिळा होता.

“आठवीत मला भोपळा दिला, त्या दिवशी ती जेवली नव्हती. सोडायचं तिच्या मनात होतं मावशी, पण तिला ते जमलं नाही. म्हटलं, आपल्याला जमतंय का बघू.”

बाई असत्या तर त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं असतं, हे तुझं, का उचललेलं? ते सोडणं त्याचंच होतं. त्या रविवारी मी समोर बसून पाहिलं होतं.