रानदवण्याची दुसरी जात

अमरावतीच्या आमच्या बॉटनीच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से जास्त निघतात. रिझल्टवर सरांची सही लागते, किस्स्यावर लागत नाही, म्हणून असेल. सांगताना हसू येतं, पण खरं सांगू, रागच जास्त येतो.

*

माझ्याबरोबर पीएचडी करणारी वैशाली बार्शीटाकळीची, फुलशेती करणाऱ्या घरची. चिखलदऱ्याच्या रानदवण्यात दोन जाती आहेत, असं तिचं म्हणणं. पानं सारखी, वासही सारखा. पण पान स्पिरिटमध्ये भिजवून यूव्ही दिव्याखाली धरलं की एकीचा अर्क निळा चमकतो, दुसरीचा नाही.

आमचे गाइड म्हणाले, "दिसते एक, म्हणजे हाये एक. दिव्याच्या भरवशावर काय जात ठरवून राहिली तू?"

दिवा महागडा, म्हणून त्यांच्याच कपाटात. किल्ली त्यांच्या खिशात, आणि सर कायम कुठल्यातरी कमिटीत.

*

एकदा तपासणीत दवण्याच्या प्रत्येक वाळल्या नमुन्यात एक अनोळखी रसायन सापडलं. सरांनी अकोल्याच्या सेमिनारमध्ये 'नवा शोध' म्हणून जाहीरही करून टाकलं.

वैशाली भर सभेत उठली. "सर, ते डांबरगोळीचं हाये. कपाटात कसर लागू नये म्हणून तुमीच टाकायले लावल्या होत्या."

 त्यानंतर तिचं एकही चॅप्टर सरांनी धड वाचलं नाही.

*

चमकणारी जात एकाच उतारावर होती. तो उतार पार्किंगसाठी सपाट होत असल्याचं कळताच वैशाली धावली. जेसीबीवाला म्हणाला, "मॅडम, कचऱ्यासाठी कायले रडून राहिल्या?"

वाचली तेवढी रोपं तिनं डिपार्टमेंटमागे कुंड्यांत लावली. पाणी दुसऱ्या कुणाला घालू द्यायची नाही.

*

मग तिचा व्हायवा आला. परीक्षक पुण्याचे. सरांनी सकाळीच शिपायाला सांगितलं, "हार बाजारातून नको आणू. मांगच्या कुंड्यांतला दवणा घे, वास मस्त येते."

शिपायानं सगळी रोपं मुळासकट उपटली आणि हार गुंफला. वैशाली हॉलमध्ये आली तेव्हा सर परीक्षकांना तो हार घालत होते आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

प्रेझेंटेशन चांगलं झालं. परीक्षक म्हणाले, "केमिस्ट्री पटली मला. पण जिवंत झाड बघितल्याशिवाय वेगळी जात मान्य करता येणार नाही. कुठे आहे ते?"

वैशालीनं सरांकडे पाहिलं. सर फाइल चाळत होते. मग ती परीक्षकांकडे वळली.

"तुमच्या गळ्यात हाये, सर."