घोड्यांच्या वैद्याला ‘युअर एक्सलन्सी’

गेल्या वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दोन प्रहरी, आमच्या सरदारांच्या दफ्तरातल्या सर्वांत जुन्या कारकुनाला भरल्या बैठकीतून उठवले. आम्ही त्यांना काका म्हणतो. पत्राच्या डोक्यावर कोणाला कोणता मायना लावायचा, कोणाला राजश्री आणि कोणाला त्याहून वरचे, हे हुद्दा पाहून ठरवायचे, हेच त्यांचे काम. तीस वर्षे केले. मी त्यांच्या शेजारी बसून लिहायला शिकलो, म्हणून हे मीच सांगितले पाहिजे.

संगमावरच्या इंग्रज वकिलाकडे, म्हणजे रेसिडेंट साहेबाकडे, विलायतेहून पाहुणे आले होते. त्यांतले तिघे आमच्या सरदारांना भेटणार होते. दिवाणजी कुठूनसे एक संबोधन शिकून आले: ‘युअर एक्सलन्सी’. चार दिवस आमच्याकडून घोकून घेतले. वीस पागोटी एकदम वाकून ‘एक्सलन्सी’ म्हणत. भिंतींनाही लाज वाटली असेल.

काकांनी एवढेच विचारले, “हे तिघांपैकी कोणाला म्हणायचं?”

“तिघांनाही.”

“तिघांचा हुद्दा एकच?”

“अहो, साहेब तो साहेब! हुद्द्याशी काय करायचंय आपल्याला?”

“मग मला इथं तीस वर्षं कशाला बसवलंत?”

 दिवाणजींसारख्या माणसाला उत्तर सुचले नाही की राग येतो.

पाहुणे आले. दिवाणजी जोड्यांपाशीच वाकले. गुलाबपाणी शिंपडावे तशी तिघांवर एक्सलन्सी शिंपडली. काकांनी मात्र तिसऱ्यापुढे विड्याचे तबक धरून नुसते “मेहेरबान साहेब” म्हटले. दिवाणजींनी तबक हिसकावले.

“पाहुण्यांचा अपमान करता? उठा. पुन्हा या बैठकीवर दिसू नका.”

काका उठले, पागोटे सारखे केले आणि गेले. सरदार सुपारी कातरत राहिले.  वाकणाऱ्यांत माझेही पागोटे होते, हे लपवत नाही.

घटकाभराने इंग्रजांच्या मुनशीने हसत खुलासा केला. तो मान कलकत्त्याच्या बड्या साहेबाचा. या तिघांपैकी कोणाचाच नाही. आणि तिसरे साहेब तर घोड्यांचे वैद्य! तिघेही खो खो हसले. दिवाणजीही हसले. आपल्यालाच हसताहेत हे कळूनही हसले!

मग काकांना बोलावणे गेले असेल? छे. बोलावले तर दिवाणजी चुकले असे ठरते. काका घरी बसून आहेत. त्यांच्या जागी दिवाणजींचे मेहुणे बसतात आणि लहानमोठ्या सगळ्यांना एकच मायना लावतात. सोपे काम.

पुण्यातल्या कोणत्याही दफ्तरात तुम्ही लेखणी धरत असाल, तर घरात बसून हळहळू नका. गुळमुळीत अर्जही नकोत. येत्या सोमवारी सकाळी आमच्या दफ्तरात या, दिवाणजींच्या समोर उभे राहा आणि काकांना त्यांच्या जागेवर बसवल्याशिवाय तिथून हलू नका.