दुसऱ्या कपाटातली वही

विल्मर झेरफासनं अडतीस वर्षं दुधाची गाडी चालवली. बर्क्स काउंटीच्या उत्तरेकडच्या डोंगरउतारावर जेवढी शेतं होती, तिथल्या सगळ्या कुत्र्यांना तो नावानं हाक मारायचा. माणसांशी मात्र मोजून चार शब्द बोलायचा. त्याची बायको इर्मा म्हणायची, "आमचा विल्मर लग्नात एकदा 'हो' म्हणाला. पुढचा शब्द अजून शोधतोय."

असा हा अबोल माणूस एका गोष्टीवरून मात्र आतल्या आत जळत असे. ती गोष्ट म्हणजे झेरफासांच्या कुळाचं पुस्तक.

झेरफासांचा मूळपुरुष मिखाएल १७४९ साली राइनकाठचं आपलं गाव सोडून जहाजानं फिलाडेल्फियाला उतरला आणि झाडं तोडत तोडत श्टाइनटालच्या खोऱ्यात येऊन राहिला. इथवर सगळ्या झेरफासांचं एकमत. पुढं पुस्तक म्हणत होतं की मिखाएलला मुलगा एकच, याकोब. विल्मरची शाखा ज्या गेऑर्गपासून निघाली, त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत नाही. तेव्हा तो 'बहुधा मिखाएलच्या घरचा गडी असावा आणि त्यानं मालकाचं आडनाव लावलं असावं.' यातला 'बहुधा' पुस्तकातच राहिला. लोकांच्या तोंडी आला तो फक्त 'गडी'.

दर ऑगस्टमध्ये चर्चमागच्या झाडीत सगळ्या कुळाचा मेळावा भरे. कोंबडी आणि मक्याच्या सूपची कढई चुलीवर चढली की कुणीतरी हमखास ओरडायचं, "गड्यांनो, टेबलं हलवा!" सगळे हसत. विल्मरचे वडीलही हसत, टेबलं हलवत, आणि कडेच्या टेबलाला जाऊन बसत. घरी आल्यावर मात्र ते कोठारात जाऊन, आधीच धार असलेल्या विळ्याला तासभर धार लावत बसायचे. लहानपणी ऐकलेला तो दगडावरचा आवाज विल्मरच्या कानातून कधी गेला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं सगळं धुंडाळलं. जहाजांच्या याद्या पाहिल्या, कोर्टातली मृत्युपत्रं पाहिली. मिखाएलला लिहिता येत नव्हतं, म्हणून यादीत त्याच्या नावापाशी नुसती एक फुली होती. ती फुली विल्मरनं बोटानं चाचपून पाहिली होती. पण गेऑर्ग कुठं सापडला नाही. सापडली ती फक्त त्याची कबर: जन्म नऊ जानेवारी १७५२. आईबापांचं नाव नाही.

अशात १९७३ सालच्या वसंतात कुळाचा अध्यक्ष लामार झेरफास पेंडीच्या दुकानात भेटला.

"विल्मर, यंदा मूळपुरुषाचा दगड उभारायचा. ग्रॅनाइट! वर मिखाएल, त्याखाली त्याची मुलं."

"मुलं?"

"म्हणजे... याकोब."

विल्मरनं पेंडीचं पोतं खाली ठेवलं. "थोडा थांब, लामार."

"अरे, किती थांबू? पुस्तक लिहिताना माझ्या वडिलांनी चर्चची वही तीनदा वाचली. मी दोनदा वाचली. तू म्हणशील तर आणखी एकदा वाचतो. पण गेऑर्ग काय त्यात मुळ्यासारखा उगवणार आहे?"

"दगड कोरणार कधी?"

"मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. तोवर पुरावा आण. आणलास तर मी स्वतः छिन्नी धरीन. दुष्ट नाही रे मी."

लामार दुष्ट नव्हताच. त्यामुळं तर विल्मरला धड रागही येईना.

जूनमध्ये एका दुपारी इर्मा ओसरीवर वाटाणे सोलत होती. उकाडा मरणाचा. ती म्हणाली, "बर्फ आठव, म्हणजे गार वाटेल. अठ्ठावन्न सालचा आठवतो? तू तीन दिवस वरच अडकलास."

"हं."

"आणि दुसऱ्या डेअरीचेही कॅन घेऊन आलास. त्यांचा माणूस किती चिडला होता!"

"उगीच चिडला. बर्फात जी गाडी वर पोचेल तिनं सगळ्यांचं दूध उचलायचं, हा नियमच होता. दूध थोडंच थांबतं?"

एवढं बोलला आणि मूठभर वाटाणे हातात तसेच धरून तो उभा राहिला.

"काय झालं? उन्हाचा त्रास होतोय का?" इर्मानं विचारलं.

"मूल तरी कुठं थांबतं," विल्मर म्हणाला आणि आत जाऊन चर्चच्या वहीची नक्कल घेऊन आला. गेऑर्ग जन्मला त्या हिवाळ्यात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत एकही बाप्तिस्मा नव्हता. झेरफासांच्या ल्युथरन पंथाचा पाद्री खोऱ्यात आलाच नव्हता. जानेवारीत जन्मलेलं पोर मे महिन्यापर्यंत जगेल याचा भरवसा कुणी दिला असता? जो पाद्री घोड्यावरून वर पोचला असेल, त्याच्याच हातात बापानं मूल दिलं असणार.

श्टाइनटालचं चर्च एकच, पण मंडळ्या दोन. एका रविवारी ल्युथरन, दुसऱ्या रविवारी रिफॉर्म्ड. घंटा एक, शेगडी एक, कबरस्तान एक. पाद्री मात्र दोन, वह्यांची कपाटं दोन आणि किल्ल्याही दोन. झेरफास पिढ्यान्पिढ्या ल्युथरन. समोरच्या भिंतीतलं रिफॉर्म्ड कपाट उघडायला कुणाची बंदी नव्हती. पण शेजाऱ्याच्या फडताळात कोण डोकावतं? सव्वादोनशे वर्षांत ते कुणाला सुचलंच नव्हतं.

त्या कपाटाची किल्ली एस्टेला ब्रॉसमनकडं असे. वय एक्याऐंशी, जन्मभर शाळामास्तरीण. जुनी जर्मन अक्षरं ती आजोबांकडून शिकली होती.

दारात विल्मरला पाहून ती म्हणाली, "अगबाई, ल्युथरन माणूस आमच्या कपाटाशी? चोरी करायला आलायस की पश्चात्तापाला?"

"बघायला."

"मग पाय पूस."

वहीला उंदरानं एक कोपरा कुरतडला होता. एस्टेलाचा अंगठा ओळीवरून गोगलगायीसारखा सरकत होता. विल्मरनं टोपी इतकी चुरगाळली की तिचं फडकं झालं. मग अंगठा थांबला.

"फेब्रुवारीची दोन तारीख, १७५२. गेऑर्ग. बाप मिखाएल झेरफास, आई त्याची लग्नाची बायको आना बार्बारा. जन्म नऊ जानेवारी. धर्मपिता आईचा भाऊ, गेऑर्ग हाइलमन." ती थांबली आणि खुदकन हसली. "खाली आमच्या पाद्रीनं टीप दिलीय बघ. 'बाप ल्युथरन आहे. त्यांचा पाद्री बर्फामुळं आला नाही. मी आलो.'"

विल्मर बाकावर बसला. "पुन्हा वाच."

तिनं वाचलं.

"पुन्हा."

"अरे, आता माझंच पाठ झालं की!" पण एस्टेलानं तिसऱ्यांदाही वाचलं, आणि या वेळी जरा मोठ्यानं.

मेळाव्याच्या रविवारी एस्टेला वही मांडीवर घेऊन झाडीत येऊन बसली. वही कुणाच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. कढईतून वाफा निघत होत्या, काकवीचे केक टेबलावर मांडले जात होते. विल्मर उठला. चाळीस मेळाव्यांत तो कधी बोलायला उठला नव्हता. लोकांना वाटलं, त्याला मीठ हवंय.

"गेऑर्ग सापडला," तो म्हणाला. पुढं काय बोलायचं ते ठरवून आला होता, पण ऐन वेळी सगळं विसरला.

लामार चष्मा लावून एस्टेलासमोर वाकला. त्यानं एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. कढई ढवळणाऱ्या डावाचा आवाजदेखील थांबला होता.

"माझ्या बापानं तीनदा वाचलं," लामार सावकाश म्हणाला, "मी दोनदा. आणि कपाटच चुकीचं!" मग तो बाकावर चढला आणि खोऱ्यापलीकडं ऐकू जाईल असा ओरडला, "ऐका रे सगळे! गडी नाही की बिडी नाही! याकोबचा सख्खा भाऊ! पुस्तकात चूक आहे, आणि ती आमच्या घरची आहे!"

कडेच्या टेबलावरून एक म्हातारी आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मग आता टेबलं कोण हलवणार?"

हशा असा उसळला की झाडांवरचे कावळे उडाले. लामारनं कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि कडेचं टेबल एका बाजूनं उचललं. दुसरी बाजू उचलायला विल्मर सवयीनं वाकला, तेव्हा इर्मानं त्याचा सदरा धरून त्याला मागं ओढलं. "बस. आज तू बस."

टेबल कढईशेजारी, सगळ्यांच्या मधोमध येऊन ठेपलं. सूपचा पहिला वाडगा विल्मरपुढं आला. दुसरा एस्टेलानं स्वतःच ओढून घेतला. "आमचा पाद्री बर्फातून आला होता म्हटलं!"

सोमवारी लामारनं शब्द पाळला. पाथरवटाकडून छिन्नी मागून घेऊन गेऑर्गच्या नावाचं पहिलं अक्षर त्यानं स्वतः कोरलं. ते थोडं वाकडं आलं. पाथरवट म्हणाला, घासून सरळ करतो.

विल्मरनं त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. "नको," तो म्हणाला. "खोल गेलंय. राहू दे."