शेंगतेल प्यालेली सीट

सायकलची सीट चामड्याची असावी की रबरी, या प्रश्नापायी आमच्या घरात दोन दिवस भाकरी झाली नाही.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. जुनी सीट फाटली होती आणि तिची स्प्रिंग मला रोज कचेरीला जाताना नको तिथे टोचत होती. (माझी चाल बघून हेडक्लार्कनी मला दोनदा मूळव्याधीचं औषध सुचवलं!) शेवटी आबांना, म्हणजे वडिलांना, घेऊन बाबालालभाईंचं सायकलचं दुकान गाठलं. त्यांनी दोन्ही सीटा समोर मांडल्या.

"कचेरीपुरतं फिरायचं तर रबरी न्या की! भिजली तरी फिकीर न्हाय. लांबचा पल्ला असंल तर चामड्याची. पर ती आदी तुमास्नी मोडणार, मग सोता मऊ हुनार!"

"रबरीच बरी," मी म्हणालो.

"रबरी?" आबा दुकान हादरेल असे ओरडले. "कोल्हापुरात ऱ्हाऊन रबरावर बसतूस? गाव काय म्हणंल? आन् रविवारी कागलला जायचं हाय, त्यो लांबचा पल्ला न्हाय व्हय?"

कागलचं काम नाजूक होतं. माझी मोठी बहीण आक्का मॅट्रिक पास होती आणि 'शिकलेली पोरगी डोईजड' म्हणून दोन स्थळांनी तिला नाकारलं होतं. तिसरं स्थळ कागलचं. मंडळी पाहून गेली, महिना झाला, तरी उत्तर नाही. मुलाच्या आत्याबाई देवीच्या कौलासाठी अडून बसल्यात, असं कानावर आलं होतं. आबांचा गुडघा धरलेला, म्हणून विचारायला मी जायचं ठरलं. आक्का वरवर "गेलं उडत!" म्हणायची. पण मुलगा तिच्या मनात भरला होता, आणि तिचं ते उसनं हसू मला बघवत नव्हतं.

तर चामड्याची सीट आली. बसून पाहिलं, तर मसाल्याचा पाटा!

"नवी वहाण मऊ कशी करत्यात?" आबांनी विचारलं.

"तेलात भिजवून."

"मग सीट काय येगळ्या म्हशीची हाय व्हय?"

बाबालालभाईंना विचारावं, हे कुणालाच सुचलं नाही. परातीत शेंगतेल ओतलं आणि सीट बुडवून ठेवली.

"आबा, भाकरीचं पीठ कशात मळू?" आक्कानं विचारलं.

"तिचं पिऊन हुंदे आदी!"

सीट दोन दिवस पीत होती. घरातलं तेल संपलं तेव्हाच ती थांबली.

रविवारी मी पांढराशुभ्र लेंगा चढवून निघालो. "होकार आण, न्हायतर तिकडंच ऱ्हा!" आक्का हसत म्हणाली. पण मी वळणावरून मागे पाहिलं, तरी ती उंबऱ्यातच उभी होती.

सीट लोण्यासारखी मऊ झाली होती. मी वाटभर आबांना मनातल्या मनात शाबासकी देत होतो. ऊन मात्र मे महिन्याचं. चामडं तापलं आणि प्यालेलं सगळं तेल, अंगच्या तांबड्या रंगासकट, सव्याज परत करू लागलं. मला काय कळणार? माणसाला डोळे पुढच्या बाजूला असतात!

"या पावणं, बसा," मुलाचे वडील म्हणाले. बैठकीवर नुकतीच धुतलेली पांढरी चादर होती. मी ऐसपैस बसलो. चहा झाला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग जपमाळ ओढत आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. पर देवीनं खूण दावली न्हाय. आमचा नाइलाज हाय, बाळा."

संपलं! आता आक्काला काय सांगू? कसाबसा उठलो आणि नमस्काराला वाकलो, तोच आत्याबाईंच्या हातातली माळ गळून पडली.

"अगं बया बया! पाऊल!"

मी वळून पाहिलं. मी बसलो होतो तिथे चादरीवर एक तांबडा ठसा उमटला होता. एका टोकाला टाचेसारखा निमुळता, दुसऱ्या टोकाला रुंद, आणि रुंद कडेला ओळीनं पाच गोल ठिपके. सीटच्या मागच्या कडेला तांब्याच्या गोल डोक्याच्या पाच रिबिटी ठोकलेल्या होत्या!

"बोटंसुदीक उमटल्यात! कुकवाच्या पावलानं लक्ष्मी आली!" आत्याबाईंनी हात जोडले.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात उंबऱ्यातली आक्का डोळ्यांपुढे आली, आणि तोंड मिटलं. मुलाच्या वडिलांनी ठसा पाहिला, माझा लेंगा पाहिला, खिडकीतून बाहेरची सायकल पाहिली. मग खाकरून म्हणाले, "म्हंजे कौल मिळाला म्हनायचा!"

आता पाठ दाखवणं शक्यच नव्हतं! मी उलट्या पावलांनी दाराकडे सरकू लागलो.

"बघा, देवीला पाठ दावत न्हाय पोरगं!" आत्याबाई गहिवरल्या. "असल्या घरचीच पोरगी पायजे!"

मुलाचे वडील फाटकापर्यंत आले आणि कानाशी लागले, "पावणं, फुडच्या बारीला रबरी सीट बसवा. आनखी एक पाऊल उमटलं, तर म्हातारी धाकट्याचंबी लगीन ठरवंल!"

घरी येऊन आक्काला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, आणि हसता हसता खरंच रडली. मीही थोडा रडलो. (आबा मात्र "चामड्याचीच घ्या म्हनत हुतो न्हवं?" असं आठवडाभर सांगत गल्लीत फिरत होते.)

लग्न झालं, संसार सुखाचा झाला. ती चादर अजून आक्काच्या देव्हाऱ्यात घडी करून ठेवलेली आहे. दर भाऊबीजेला मी कागलला गेलो, की आक्का अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणते, "आदी पावलाच्या पाया पड." आणि मी पडतो! आजवर माझ्या डोक्याला कुणी मान दिलेला नाही; माझ्या बैठकीला मात्र कागलात रोज उदबत्ती लागते!