स नव्हे, श

"सरणं नव्हे ताई, शरणम्. 'श' म्हणा. उच्चार शुद्ध हवा."

भरल्या शिबिरात त्या माणसाने मला थांबवलं. डोळे मिटून बसलेल्या सगळ्यांनी डोळे उघडले. दोघी हसल्या. गालातल्या गालात, ध्यानाला शोभेल इतपतच.

बुलढाण्याच्या घाटाच्या तोंडाशी एका वकिलाचं फार्महाऊस आहे. तिथलं हे निसर्ग-ध्यान शिबिर. शिकवायला पुण्याचे सर. पांढरा कुर्ता, आवाजात मध. हिरवळीवर दगडी बुद्ध, त्याच्या मांडीवर कुणीतरी गाडीची किल्ली ठेवलेली. मागच्या झुडपात सातभाई कलकलत होते, तर सरांनी स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावले. खऱ्या पाखरांनी म्हणे एकाग्रता मोडते.

मला तिथे नेलं आमच्या शाळेतल्या मॅडमनी. त्याही शिक्षिका, मीही शिक्षिका. आदल्या दिवशी आई धामणगाव बढ्याहून फोनवर म्हणाली होती, "काऊन जाऊन राह्यली व तिकडं? आपल्या विहारात वारा नाही येत का?" मी हसले. मला खरंच शांत बसायचं होतं. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढा वेळ तरी कुणी आडनाव विचारत नाही, असं मी समजत होते.

समारोपाला सर म्हणाले, कुणीतरी बुद्धवंदना म्हणा. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना येते. ह्यांच्यात असतं ते." मग कानाशी लागून, "फक्त ते शेवटचं जय भीम तेवढं नको हं. इथे राजकारण नको."

म्हणजे बुद्ध हवा. गुळगुळीत, गप्प, किल्ल्या ठेवण्यापुरता. तो आमच्या घरात कसा आला, ते नको.

तरी मी सुरुवात केली. बुद्धं सरणं गच्छामि. तिथेच सरांनी ते 'शुद्ध' माझ्या अंगावर फेकलं.

हा 'श' मला नवा नाही. चौथीत मी 'साळा' म्हणाले, तर गुरुजींनी मला बाकावर उभं केलं आणि अख्ख्या वर्गाकडून 'श, श, श' म्हणवून घेतलं. कोंबड्या हाकलताना करतात तसं. पुढे जीभ टाळूला घासून घासून मी तो 'श' कमावला. आज तोच मुलांना शिकवते. पण वंदना पाली भाषेत आहे, आणि पालीत 'स'च आहे. माझ्या आजीच्या तोंडात होता तोच. साऱ्या आयुष्यात माझा 'स' बरोबर असण्याची ही एक जागा, आणि हा पंडित तिथेही शुद्धी करायला हजर.

सकाळपासून सर सांगत होते, शरीराकडे बघा, जे आहे ते तसंच बघा. मी बघितलं. जीभ टाळूकडे निघाली होती. आपोआप, मार खाल्लेल्या जनावरासारखी. खांदे आत वळले होते. तळपायाखाली गवत ओलं होतं, कानशिलं तापली होती.

"राग आला असेल तर जाऊ द्या त्याला," सर मधाळ बोलले.

मी रागाकडे बघितलं. तो अगदी आपल्या जागी होता. त्याने कुठे जावं, आणि का?

मी जीभ मागे बोलावली. दातांशी टेकवली. धम्मं सरणं गच्छामि. संघं सरणं गच्छामि. आमच्या वंदनेत सरण तीनदा जायचं असतं, हे सरांना माहीत नसावं.

"दुतियम्पि बुद्धं सरणं गच्छामि."

"श," सर म्हणाले.

"ततियम्पि बुद्धं सरणं गच्छामि."

मी शेवटपर्यंत म्हटलं, उठले, मॅडमच्या डोळ्यांत बघून मोठ्याने म्हणाले, "जय भीम." मॅडम चटई गुंडाळायला लागल्या. जाता जाता मी बुद्धाच्या मांडीवरची किल्ली उचलली. "ही कुणाची?" हात पुढे आला तो सरांचाच.

उद्या माझ्या वर्गात एखादी पोरगी 'साळा' म्हणेल. तिला मी 'श' शिकवीन, परीक्षेपुरता. तिला हसणाऱ्याला मात्र उभं करीन. आणि वंदनेतला माझा 'स' यापुढे कुणाच्या बापाला दुरुस्त करू देणार नाही. शेवटच्या जय भीमसकट.