इन्कोरोनाताची जांभई

इन्कोरोनाताच्या पायाला भिंगरी होती. अख्ख्या पिएत्राकोर्वा गावात ती कुणाला धड बसलेली दिसली असेल तर शपथ. घेवड्याच्या शेंगा सोलायची त्या गल्लीतून चालता चालता, लोकर कातायची ती उंबऱ्यात उभी राहून. चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की मागच्या खांबामागे तिच्या फेऱ्या सुरू व्हायच्या, आणि पाद्रीबाबा तिच्या बुटांचा आवाज ऐकून प्रवचन आवरतं घ्यायचे. गाव त्याबद्दल तिचे उपकार मानत असे. तिचा मुलगा कानिओ म्हणायचा, "आमच्या आईला मेल्यावरसुद्धा उभीच पुरावी लागणार. आडवी ठेवली तर तिसऱ्या दिवशी घरी येईल."

फक्त एका कामासाठी ती बसायची. कुणाचं डोकं ठणकायला लागलं, अंग मोडून आलं, खाल्लेलं पोटात ठरेना, की आमच्याकडे पहिला संशय दृष्टीचा. मग माणूस इन्कोरोनाताच्या स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकावर येऊन बसे. ती समोर बसायची, अंगठ्यानं त्याच्या कपाळावर क्रूस काढायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. दृष्ट नसली तर काहीच व्हायचं नाही, ती सरळ सांगायची, "जा, तुला वारुणी बाधलीय." पण दृष्ट असली की तिला जांभई यायची. जबडा निखळेल अशी. दृष्ट जड असेल तर जांभयांवर जांभया, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. ते पाणी ओसरलं की समोरच्याचं डोकं उतरायचं. याचे ती पैसे घेत नसे. अंडी, चीजची एखादी गोळी, वाळल्या मिरच्यांची माळ, जे येईल ते. दृष्ट कुणाची लागली हे मात्र ती कधीही सांगत नसे, आणि म्हणूनच गावात एवढी वर्षं खूनखराबा झाला नव्हता.

हे तिला सासूनं दिलं होतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, चुलीत ओंडका सरकवता सरकवता सासूनं तिच्या कानात ते शब्द सांगितले. कारण ते त्याच संध्याकाळी सांगता येतात. वर्षाच्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते जिवंत माणसाच्या कानावर पडले, तर सांगणारी रिकामी होते. बरणीतलं तेल सांडावं तशी. नंतर कितीही पुटपुटा, जांभई म्हणून येत नाही. म्हणून तर ती इतकं हळू पुटपुटायची की मांडीवरच्या मांजरालाही ऐकू जाऊ नये. शब्द काय होते ते इथंही सांगायचं नाही. नाताळ अजून लांब आहे.

इन्कोरोनाताला मुलगी नव्हती. होती ती सून, वितुच्चा. खालच्या शहरातली, पाच इयत्ता शिकलेली, मोजकं बोलणारी, आणि घरात कुणाला काही दुखलंखुपलं की आधी डॉक्टरचं नाव काढणारी. चार नाताळ येऊन गेले, पण तिनं कधी "आई, मलाही शिकवा" असा शब्द काढला नाही. इन्कोरोनातानंही विचारलं नाही. विचारून नकार घ्यायचा, तोही नाकानं कांदे सोलणाऱ्या पोरीकडून? पण हाडं कुरकुरायला लागली होती, आणि हे शब्द आपल्याबरोबर मातीत जाणार हा विचार तिला घरातून गल्लीत आणि गल्लीतून घरात पळवत होता.

त्या सप्टेंबरात रोमहून प्रोफेसर तेबाल्दी आले. बुटका, घामाघूम होणारा, सभ्य माणूस. खानावळीच्या वरची खोली त्यांनी घेतली आणि बरोबर एक पेटी आणली. बोललेलं पकडून ठेवणारी. ते जादूटोण्याचा अभ्यास करत होते. असा अभ्यास असतो, हे ऐकून गाव आधी हसलं आणि मग प्रत्येकाला आपली आजी आठवली. इन्कोरोनाताकडे मात्र ते पुन्हा पुन्हा यायला लागले, आणि ती उभ्याउभ्याच बोलत असल्यामुळे बिचाऱ्यांना वही घेऊन तिच्यामागे अंगणभर फिरावं लागायचं.

"मावशी, हे नुसतं तुमच्या गावचं नाही," ते म्हणायचे. "जुन्या ग्रीकांत होतं, रोमनांत होतं. लोक शिशाच्या पत्र्यावर शब्द कोरून विहिरीत टाकायचे. डोळ्याची भीती तर त्याहून जुनी."

"मग त्यांनाच जाऊन विचारा की."

"ते मेले हो सगळे."

"आणि मी राहिलेय म्हणून माझ्यामागे लागलात होय?" असं म्हणून ती कोंबड्यांमागे निघून गेली.

पण त्यांचं एक वाक्य तिच्या डोक्यात रुतलं. ते म्हणाले होते, माणूस जातो, पेटीत शब्द राहतात. त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी ती आपणहून खानावळीत गेली आणि पेटीभोवती दोन चकरा मारून म्हणाली, "एक विचारते. ही माणसांत मोडते का?"

प्रोफेसर हसले. "नाही मावशी, यंत्र आहे."

"हिला जीव नाही?"

"नाही."

"मग हिला सांगितलं तर मी कुणाला सांगितलं?"

प्रोफेसरांनी वही मिटली. त्यांना हावही होती आणि लाजही वाटत होती. दोन्ही तोंडावर दिसत होतं. "कुणालाच नाही, असं म्हणता येईल," ते म्हणाले. "मी रोमला नेईन. इथं कुणी ऐकणार नाही, वचन देतो."

मग तिनं पेटी आपल्या स्वयंपाकघरात आणवली. प्रोफेसरांना अंगणाबाहेर काढलं, वितुच्चाला भट्टीवर पाव आणायला पिटाळलं, कानिओ शेतात होताच, मांजरालाही बाहेर टाकलं. दार लावलं, बाकावर बसली आणि पेटीकडे बघून ते शब्द पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा अंगावरचं ओझं उतरल्यासारखा होता. प्रोफेसरांना तिनं वारुणीसुद्धा पाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर नेहमीची गर्दी होती. पाणवठा खानावळीच्या अगदी खाली, आणि उन्हाळा अजून हटला नव्हता, म्हणून वरच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. इन्कोरोनाता घागर भरायला लावून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होती. तेवढ्यात वरून एका म्हातारीचा आवाज यायला लागला. खरखरीत, ठणठणीत.

"ही कोण टवळी ओरडतेय सकाळी सकाळी?" इन्कोरोनाता म्हणाली.

तिच्या शेजारच्या कारमोझिनानं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! हा तर तुझाच आवाज!"

आपला आवाज बाहेरून कसा येतो हे कुणाला ठाऊक असतं? इन्कोरोनाताला तो पटायला वेळ लागला. पण शब्द ओळखीचे होते. ते एकामागून एक खिडकीतून खाली पडत होते आणि रांगेतल्या बायका तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. सुईण होती, भट्टीवाली होती, पोटुशी वितुच्चा होती, शाळेच्या पोरी होत्या. आवाज संपला, खट्ट झालं आणि प्रोफेसरांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला.

ती जिना कशी चढली तिचं तिलाच कळलं नाही. दार ढकललं तेव्हा प्रोफेसर पेटीवर वाकून काहीतरी लिहून घेत होते. त्यांनी आधी तिच्याकडे, मग खिडकीकडे पाहिलं आणि त्यांचा रंग उडाला.

"खिडकी," ते म्हणाले. "अरे देवा. मावशी, माझ्या लक्षातच... मी पुसून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर पुसतो."

"पेटीतलं पुसाल हो," ती म्हणाली. "खाली उभ्या आहेत त्यांच्या कानांतलं?"

त्यांनी पुसलं, खरंच पुसलं. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याच्या चांगुलपणाचं काय लोणचं घालायचं होतं तिला?

त्यानंतरचा शरद ऋतू इन्कोरोनातानं पायांवर काढला. बाकावर कुणी येईना. कारमोझिनानं ते शब्द आपल्या नवऱ्यावर चालवून पाहिले. तिला ना जांभई आली, ना त्याचं डोकं उतरलं. मग ती गावभर सांगत सुटली, "शब्दच फुसके आहेत. इतकी वर्षं आपण उगीच अंडी दिली!" बायका पाणवठ्यावर खोट्या खोट्या जांभया देऊन हसायच्या. इन्कोरोनाता लांबच्या ओढ्यावरून पाणी आणायला लागली. तिनं शेळीच्या कपाळावर क्रूस काढून पाहिला, खेचराच्या काढला, आरशात बघून स्वतःच्या काढला. काही नाही. एवढंच काय, झोपेपूर्वीची साधी जांभईसुद्धा तिला येईनाशी झाली. ती अंथरुणावर बसून तोंडाचा आ करायची आणि तसाच मिटायची. आपण आता कोण आहोत, हे तिला कळत नव्हतं. गावात म्हाताऱ्या विधवा काय थोड्या होत्या?

नोव्हेंबरात वितुच्चाला मुलगा झाला. सगळं नीट पार पडलं, पण पंधरवड्यानंतर तिचं डोकं धरलं. उजेड सहन होईना, अन्न जाईना आणि दूध आटत चाललं. कानिओ शहरातून डॉक्टरला खेचरावर बसवून घेऊन आला. डॉक्टर म्हणाला, ताप नाही, घाबरायचं कारण नाही, अशक्तपणा आहे. पुड्या द्या, रस्सा द्या, झोपू द्या. पुड्या दिल्या, रस्सा दिला. झोप मात्र येईना, आणि पोर कोरडं ओढून ओढून किंचाळायचं. आळीतल्या दुसऱ्या बाळंतिणीनं त्याला पाजलं म्हणून निभावलं. इन्कोरोनाता नातवाला खांद्यावर टाकून घरात फेऱ्या घालायची, पण सुनेच्या खोलीचा उंबरा ओलांडायची नाही. कशाला जायचं, रिकाम्या हातांनी?

तिसऱ्या दिवशी दुपारी कानिओ बाहेर आला. "आई, ती तुला बोलावतेय. दृष्ट काढ म्हणतेय."

"ती म्हणाली? तुझ्या बायकोनं स्वतः?"

"स्वतः. चल ना आता, उभी काय राहिलीस!"

चार वर्षं ज्या शब्दाची इन्कोरोनातानं वाट पाहिली, तो असा अवेळी आला होता. नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागणार. हो म्हणावं, तर काय घेऊन बसायचं? तिनं पोराला बापाकडे दिलं, हात पुसले, पुन्हा पुसले आणि आत गेली.

वितुच्चा डोळे मिटून पडली होती. गालफडं बसली होती. इन्कोरोनाता खाटेच्या कडेला टेकली, तिनं अंगठा सुनेच्या कपाळावर ठेवला आणि क्रूस काढला. शब्द म्हणाली. थांबली. पुन्हा म्हणाली. जांभई येईना. तिनं जबडा ताणून पाहिला, निदान सोंग तरी वठावं म्हणून, पण तोंड खोटं बोलायला तयार होईना. अंगठ्याखाली पोरीचं कपाळ तडतडत होतं. आणि मग तिला रडू कोसळलं. साधं, म्हातारपणाचं, हरलेल्या माणसाचं रडू. थांबवता येईना.

दारातून कानिओ कुजबुजला, "बाप रे! बघ, केवढी जड दृष्ट होती!"

"गप रे!" इन्कोरोनाता त्याच्यावर ओरडली. "जा तू. पोराला घेऊन जा बाहेर."

तो गेल्यावर ती सुनेला म्हणाली, "ऐक बाळ. हे दृष्टीचं पाणी नव्हे. मी नुसती रडतेय. माझ्यात आता काही उरलेलं नाही. सगळ्या गावानं ऐकलंय. तूसुद्धा होतीस ना तिथं रांगेत, ऐकलंस ना?"

वितुच्चानं डोळे किलकिले केले. "होते रांगेत. ऐकलं नाही."

"नाही कसं? बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं!"

"तुमचा आवाज ओळखला आणि कानांत बोटं घातली." वितुच्चाला बोलायला त्रास होत होता, तरी ती सावकाश बोलत राहिली. "दोन्ही कानांत. पेटी बंद होईपर्यंत काढली नाहीत. कारमोझिना हसत होती मला, वेडी म्हणून. घागर लवंडली, ती पण मी उचलली नाही."

इन्कोरोनातानं हातानंच डोळे पुसले. "का गं? तुझा तर विश्वास नव्हता यावर."

"असं कधी म्हटलं मी?"

"मागितलंसही नाहीस कधी."

"मी मागायचं असतं?" वितुच्चा म्हणाली. "मला वाटलं, देणारीनं द्यायचं असतं. दर नाताळला चुलीपाशी येऊन बसत होते. तुम्ही त्या दिवशी एका जागी थांबतच नव्हता. या नाताळला तरी बसा, आई. मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही."