सेटसाठी मंजूर छत

पश्चिम सीमेवरच्या त्या पोस्टवर आमचं सेक्शन एप्रिलच्या शेवटी चढलं. वाळू, तारेचं कुंपण, टेहळणीचा मनोरा, पत्र्याची बराक आणि पत्र्याचीच रेडिओ रूम. लोक मला विचारतात, गोळीबार किती झाला. आमच्या वेळी झालाच नाही. तरीही आमचा एक माणूस पडला.

लान्स नायक रमण तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्याचा. घरी भात आणि नाचणी. मी किनाऱ्यावरच्या झाईचा, घरी बोट. एका जिल्ह्याचे म्हणून आमच्या खाटा शेजारी होत्या.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज. मग शस्त्रसफाई, पाण्याचा टँकर, पहाऱ्याची संत्री ड्यूटी. दुपारी ड्यूटीवरून उतरलेल्या जवानाने बराकीत विश्रांती घ्यायची, असा नियम. पण त्या वेळी बराकीपेक्षा मनोरा बरा वाटायचा. तिथे निदान वारा होता. बराकीत पत्रा डोक्यावर तव्यासारखा तापायचा आणि खाटेचा लोखंडी दांडा हाताला चटका द्यायचा.

"आमचं जुनं घर कुडाचं होतं," रमण सांगायचा. "वर माळा, माळ्यावर भाताचा पेंढा. मे महिन्यात पण आत झोप लागायची. आता योजनेतून विटांचं घर मिळालंय, वर पत्रा. पत्रा चमकतो म्हणून पाड्यात मान आहे. खाली आई शिजते."

"मग पेंढा घाल की वर."

"घालणारच आहे. कापणीला सुट्टी मिळाली की कारवीच्या काठ्यांचा ताटवा बांधतो पत्र्याखाली, वर पेंढा. आईला सांगून ठेवलंय."

मे महिन्यात रेडिओ सेट गरम होऊन बंद पडू लागले. तक्रार वर गेली आणि लगेच ट्रक आला. त्यात जाड पांढऱ्या शीट होत्या, दोन पत्र्यांच्या मधे फोम. आमच्याकडे बोटीच्या खणात बर्फ टिकावा म्हणून चारी बाजूंनी थर्माकोल लावतात. हा तसलाच प्रकार.

रमणने आणि मी त्या शीट रेडिओ रूमच्या पत्र्याखाली बसवल्या, मधे हवा खेळायला जागा ठेवून. संध्याकाळपर्यंत आत फरक कळायला लागला. दारावर पाटी होती: ऑपरेटरशिवाय प्रवेश बंद.

"झाईवाल्या, तुम्ही मासळी थंड ठेवता, पलटण सेट थंड ठेवते," रमण म्हणाला. मग आमच्या हवालदारांकडे वळला. "साळुंखेसाहेब, मला वायरलेस सेट म्हणून भरती करून घेता येईल का?"

"तू आधीच फार आवाज करतोस," साळुंखे म्हणाले. पण शीट उरल्या होत्या, आणि साळुंख्यांची नजर त्या शीटवरच होती. ते सेटवर गेले.

"शीट शिल्लक आहेत. बराकीत लावण्याची परवानगी हवी. ओव्हर."

"निगेटिव्ह. शीट सेटसाठी मंजूर आहेत. शिल्लक माल परत पाठवा. ओव्हर."

"बराकीत जवान भाजतायत. ओव्हर."

"बराकीची डिमांड वेगळी पाठवा. आऊट."

डिमांड त्याच दिवशी गेली. शीट परत ट्रकमध्ये चढल्या. चढवणाऱ्यांत रमण होता.

पुढच्या आठवड्यात तो दुपारची संत्री ड्यूटी करून उतरला आणि नियमाप्रमाणे बराकीत आडवा झाला. थोड्या वेळाने बडबडू लागला. आईला हाका मारत होता, बैल बाहेर बांधायला सांगत होता. अंग तापलेलं आणि कोरडं. घामाचा थेंब नव्हता.

मी त्याला खांद्यावर घेतलं आणि रेडिओ रूमकडे निघालो. दारात ऑपरेटर उभा राहिला. पाटी पाळणं त्याचं काम होतं. मागून साळुंखे आले.

"बाजूला हो. आत घे त्याला. जबाबदारी माझी."

आम्ही त्याला जमिनीवर झोपवलं. कपडे उतरवले, ओली चादर घातली, प्यायचं पाणी अंगावर ओतलं. साळुंखे सेटवर बोलत होते.

"वन कॅज्युअल्टी. उष्माघात. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडी निघाली आहे. वाटेत वादळ आहे. पेशंट थंड जागी ठेवा. ओव्हर."

साळुंख्यांनी छताकडे पाहिलं. "ठेवलाय," ते म्हणाले. "आऊट."

आवाज स्वच्छ येत होता. सेट उत्तम चालत होता. गाडी पोचण्याआधी रमण गेला.

बराकीच्या शीट नंतर आल्या. त्या आम्ही बसवल्या.

रमण शत्रूच्या गोळीने पडला नव्हता. त्यामुळे त्याला शहीद म्हणायचं की नाही, असा पेच गावच्या पुढाऱ्यांना पडला. मग निवडणूक आली आणि पेच सुटला. रस्त्याच्या कडेला स्मारक झालं.

पुढे मी सैन्यातून सुटलो, तोही उन्हाळ्यातच. झाईला घरी पिशवी टाकली आणि तलासरी गाठली. रमणचा ताटवा बांधायचा राहिला होता.

दुपारची वेळ. त्याची आई, जेठीमावशी, घरी नव्हती. ती स्मारकाजवळ बसली होती. चौथऱ्यावर रमणचा फोटो, फोटोवर छत. छत बघून मी थांबलो. दोन पत्रे, मधे फोम. चौथऱ्याभोवती लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. छताची जी सावली जाळीबाहेर पडत होती, तेवढ्यात मावशी अंग आखडून बसली होती.

"आत का नाही बसत?"

"आधी बसायची. पाड्यातल्या म्हाताऱ्या पण यायच्या. मग कुलूप घातलं. बोलले, पवित्र जागा हाय, तिथं झोपायचं नाय."

"आणि घरी?"

"घरी पत्रा हाय ना, पोरा."

मी पंचायतीत गेलो. म्हटलं, स्मारकाच्या छतातल्या दोन शीट काढून त्याच्या आईच्या घरात लावा. टेबलामागचा माणूस सभ्य होता. त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

"भावना समजते. पण शीट स्मारकासाठी मंजूर आहेत. घराचा अर्ज वेगळा द्या."

चहा तसाच ठेवून मी उठलो. लोहाराकडून हातोडा आणला आणि भर दुपारी, सगळ्यांसमोर कुलूप फोडलं. परवानगी मागितली नाही. मावशीला आत बसवलं. पंचायतीने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, तिला मी तोंड देईन.

मग मावशीच्या पुतण्यांना घेऊन मी कारवी तोडून आणली. पत्र्याखाली ताटवा बांधला, हवेला जागा सोडून वर पेंढा पसरला. पेंढा पाड्यातल्या प्रत्येक घराने दिला. बांधताना मी मावशीला आमच्या रेडिओ रूमच्या छताबद्दल सांगितलं.

पहिल्या दुपारी मावशीने खाली गोधडी अंथरली. वर बघत बराच वेळ पडून राहिली. मग मला विचारलं, "तुमच्या तिथल्या रेडिओच्या खोलीत असाच गारवा होता?"

"होता."

"मग माझा पोरगा तिथं झोपायचा का?"

"एकदाच," मी सांगितलं.